चौथ्या रांगेतला एकेचाळीस नंबर

दौलत घाडीगावकर ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय एकतीस वेळा शिकला, पण परीक्षेला एकदाही बसला नाही.

दादरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तो प्रयोगशाळेचा परिचर होता. परिचर हा कागदावरचा शब्द, हाक मारताना सगळे शिपाईच म्हणत. प्रयोगशाळेला लागून लेक्चरची खोली होती. मधलं दार वायरी जायच्या म्हणून कायम अर्धं उघडं असायचं, आणि त्या दाराशी दौलतचं स्टूल. काही बिघडलं तर उठायचं, एरवी बसून राहायचं, हे त्याचं काम. दुसरा एखादा डुलक्या काढत बसला असता. दौलतला झोप यायची नाही आणि कान बंद करायची सोय देवाने दिलेली नाही, म्हणून तो ऐकत गेला.

शिकवायचे प्राध्यापक हेमचंद्र त्रिलोकेकर. गिरगावातलं जुनं घराणं, आजोबा सॉलिसिटर, वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर. सर हुशार होते, त्यात वाद नाही. पण आपण हुशार आहोत हे त्यांना फार लवकर कळलं होतं. त्यांची चूक कोणी दाखवली तर ते त्याच्याकडे अशा नजरेने बघत, की त्या बिचाऱ्याला आपणच काहीतरी चोरताना सापडलो असं वाटावं.

शिकवायचे मात्र सुरेख. "एक खानावळ घ्या," असं म्हणून ते जुलै महिन्यात सुरुवात करत. "चूल एकच, पातेली पन्नास. कुठलं पातेलं किती वेळ चढवायचं, कधी उतरवायचं, अर्धं शिजलेलं पुन्हा कधी चढवायचं. प्रत्येक पातेल्याला वाटलं पाहिजे, चूल माझ्या एकट्याचीच. ही फसवणूक नीट चालवणं म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम." दौलतच्या आईने लालबागला गिरणी कामगारांची खानावळ चालवली होती. तिच्या चुलीवर नेमकं हेच चालायचं, फक्त तिला कोणी प्राध्यापक म्हटलं नाही. ते उदाहरण आलं की दौलतला दरवर्षी बरं वाटे.

मग ऑगस्टच्या सुमाराला तो तास यायचा. सर फळ्यावर चौकोनांच्या रांगा काढत. महत्त्वाची कामं वर, बिनमहत्त्वाची खाली. वरचं काम आधी, हा नियम. मग खडू खाली ठेवून ते विचारत, "वरची कामं येतच राहिली तर खालच्याची पाळी कधी येणार?" उत्तरही तेच देत. "कधीच नाही. याला म्हणतात स्टार्वेशन. उपासमार. त्याला कोणी मारत नाही, कोणी नाही म्हणत नाही. ते रांगेत असतं आणि रांगेतच संपतं." मग ते उपाय सांगत. "एजिंग. वाट बघण्यालाही वजन द्या. जो जितका थांबला, तितका त्याचा हक्क वाढू द्या. मग शेवटचासुद्धा कधीतरी पुढे येतो." या वाक्याला दौलत स्टुलावर सावरून बसे. एवढं न्यायाचं बोलणं त्याने ना कुठल्या पुढाऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं, ना कुठल्या बुवाच्या.

दिवाळीनंतर दुसरा विषय सुरू होई. एकच काम अनेक यंत्रांनी मिळून कसं करायचं, याचा. "एका यंत्राला दुसऱ्याचं काही दिसत नाही," सर सांगत. "निरोप आला तर कळतं. आणि निरोपाला वेळ लागतो." हेही दौलतला पाठ होतं.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं त्याच्याभोवती जमत. "दौलतकाका, डेडलॉक सांगा ना पटकन."

"एकाकडे मोरीची चावी, दुसऱ्याकडे बादली," दौलत सांगे. "दोघंपण दारात उभे. पयला तू दे, मग मी देतो. आंघोळ कोणाचीच नाय."

पोरं हसत, पास होत आणि निघून जात. त्यांची आता परदेशात घरं झाली. दौलत स्टुलावर राहिला, याचं त्याला दुःख नव्हतं. उलट अभिमान होता. आणि हा अभिमानच त्याच्या घराला नडला.

परळच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात हृदयाच्या ऑपरेशनची यादी पूर्वी वहीत असायची. वही म्हटलं की वशिला आला, खाडाखोड आली. विश्वस्तांनी त्रिलोकेकर सरांना गळ घातली आणि सरांनी प्रोग्राम फुकट लिहून दिला. चार रांगा केल्या. पहिली, ज्यांचा जीव आत्ता जातोय त्यांची. दुसरी, पैसे भरणाऱ्यांची. तिसरी, शिफारसपत्र आणणाऱ्यांची. चौथी, ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांची. वरची रांग रिकामी झाली की खालची सुरू. परळच्या इमारतीत एक यंत्र आणि अँटॉप हिलच्या शाखेत दुसरं, दोन्हींवर यादी एकच.

चाचणीसाठी खोटे पेशंट भरायचं काम दौलतकडे आलं. हजार नावं. चाळीतल्या लोकांची नावं अडीचशेत संपली, मग त्याने चाळीतून वर गेलेल्यांची घातली, मग गावच्या वाडीतली. सरांनी प्रोग्राम चालू केला. पडद्यावर नावं भराभर वर सरकली आणि पुसली गेली. पहिली रांग संपली, दुसरी संपली, तिसरी, आणि शेवटी चौथीतला शेवटचाही पार पडला. हजारच्या हजार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सरांनी समोसे मागवले. दौलतने दोन खाल्ले.

त्यानंतर दोन वर्षांनी त्याच्या बायकोला दम लागायला लागला.

शेवंती लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे देठ खुडायला जायची. दिवसभर मिरच्यांच्या ढिगाशी बसल्यावर खोकला येणारच, असं म्हणून वर्ष काढलं. मग तीन जिने चढताना ती प्रत्येक वळणावर बसायला लागली. हॉस्पिटलात तपासलं तर हृदयाची झडप अरुंद झालेली. लहानपणी सांधे सुजून ताप आला असेल, त्याचं हे देणं, असं डॉक्टर म्हणाले. झडप बदलावी लागेल. किती लवकर? जमेल तितक्या लवकर.

खिडकीवर संघमित्रा नावाची बाई होती. तिने माहिती भरली आणि चिठ्ठी सरकवली. "चौथी रांग. एकेचाळीस नंबर. समोर स्क्रीनवर दिसेल. आला की फोन येईल."

दौलत छाती काढून म्हणाला, "हा प्रोग्राम आमच्या सरांचा आहे. मी पण होतो करताना."

"हो का," संघमित्रा म्हणाली आणि तिने पुढच्याला बोलावलं.

तो दर शनिवारी जाऊन स्क्रीन बघायचा. दोन महिने एकेचाळीस. पाच महिने एकेचाळीस. दिवाळी गेली, शिमगा गेला, एकेचाळीसच. शेवंतीने कामावर जाणं सोडलं. मग खाली उतरणं सोडलं. मग आडवं झोपणंही सोडलं, कारण आडवं झालं की छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं. भिंतीला तीन उशा लावून ती बसल्या बसल्या डोळे मिटायची. मुलगी दर्शना लोअर परळला मॉलमध्ये चष्म्याच्या दुकानात होती. ती सकाळी आईची वेणी घालून, डबा झाकून ठेवून जायची. "पप्पा, सरांना सांगा ना एकदा," ती रोज म्हणायची. "यादी त्यांचीच आहे ना?"

"यादीत हात घालायचा नसतो," दौलत म्हणायचा. "नंबर येनार. येतोच."

अकरा महिने त्याने हे खरं मानलं. मग ऑगस्ट आला आणि तो तास आला. सरांनी खडू खाली ठेवला आणि मुलांना विचारलं, खालच्याची पाळी कधी येणार? कधीच नाही. त्याला कोणी मारत नाही, कोणी नाही म्हणत नाही. ही वाक्यं दौलतने तीस वेळा ऐकली होती. या वेळी ती ऐकताना त्याला स्क्रीनवरचा एकेचाळीस दिसला.

संध्याकाळी त्याने प्रयोगशाळेच्या मशीनवर सरांचा प्रोग्राम उघडला. लिहिता त्याला येत नसलं तरी वाचता येत होतं. वरून खाली दोनदा वाचला. आलेल्याची तारीख नोंदवली होती, पण त्या तारखेचा पुढे कुठेही उपयोग नव्हता. वाट बघण्याला वजनच नव्हतं. जे सर दरवर्षी फळ्यावर लिहीत होते, ते स्वतःच्या प्रोग्राममध्ये लिहायला विसरले होते. आणि चाचणीत हे का दिसलं नाही, तेही त्याला कळलं. हजार नावांनंतर नवीन नावं यायची थांबली होती. खोटे पेशंट संपतात. परळला खरे पेशंट साऱ्या महाराष्ट्रातून येतात आणि ते कधीच संपत नाहीत. वरच्या तीन रांगा रिकाम्या होण्याचा दिवस त्या हॉस्पिटलात उगवणारच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो तडक सरांच्या केबिनमध्ये गेला. आत बाहेरगावचे दोन परीक्षक बसले होते. शहाण्या माणसाने परत फिरायला हवं होतं. दौलत बोलून बसला. "सर, हॉस्पिटलच्या प्रोग्रामात एजिंग राहिलंय. चौथी रांग उपाशी मरतेय."

सरांनी चष्मा काढला. "मी चहा सांगितला होता, दौलत."

"आणतो सर. पण ते तारखेचं..."

"हे आमचे दौलतराव," सर पाहुण्यांकडे वळले. "तीस वर्षं दाराशी बसतात. दवाखान्याबाहेर तीस वर्षं बसलं की माणूस डॉक्टर होतो, असा यांचा समज आहे." परीक्षक हसले. दौलतने चहा आणला. कप ठेवताना बशीत थोडा सांडला, तेव्हा ते पुन्हा हसले.

पण सर काही मूर्ख नव्हते. पाहुणे गेल्यावर त्यांनी प्रोग्राम उघडला असणार. कारण पुढच्या दिवशी दुपारी त्यांनी दौलतला बोलावलं, दार लावून घेतलं आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पडद्यावर शेवंतीचं नाव होतं. "हिला मी दुसऱ्या रांगेत टाकतो. एक आकडा बदलायचा. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होऊन जाईल. आणि हा विषय तू परत कुठे काढायचा नाहीस."

इथे थांबून मला त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटतं. हो म्हण. अरे, हो म्हण आणि घरी जा. बायको उशांना टेकून बसली आहे, तिला सांग.

पण दौलतच्या कानात कालचं हसणं होतं. समोर ठेवलेलं दान होतं आणि तेही तोंड बंद ठेवण्याचं. शिवाय तो चाळीत वाढलेला. नळावर पहाटे बादल्यांची रांग लागे. माणसं झोपलेली असत, पण रांगेत ठेवलेल्या बादलीला कोणी हात लावत नसे. एकदा एकाने आपली बादली पुढे सरकवली, तर दौलतच्या बापाने लाथ मारून ती जिन्याखाली उडवली होती. त्या दिवशी सगळ्या चाळीने बापाकडे कसं बघितलं होतं, हे दौलत विसरला नव्हता.

"नको सर," तो म्हणाला.

"काय नको?"

"तिला एकटीला नको. तिच्या पुढे चाळीस जण आहेत. एजिंग घाला. सगळ्यांसाठी."

सरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "तुझ्या बायकोचं नाव आहे हे. काय बोलतोयस कळतंय ना?"

"तुम्हीच शिकवलंय, सर."

हे वाक्य. एकतीस वर्षं स्टुलावर बसून त्याने हे वाक्य कमावलं होतं आणि ते बोलायची संधी त्याला सोडवली नाही. त्याच्या बदल्यात त्याने काय दिलं, याचा त्या क्षणी त्याला पत्ताही नव्हता. त्या क्षणी त्याला फार छान वाटलं. सरांचा चेहरा उतरला होता. मग त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि म्हणाले, "ठीक आहे. पंचेचाळीस मिनिटं लागतील. बाहेर थांब." अकरा ओळी लिहाव्या लागल्या.

संध्याकाळी त्याने घरी ही हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. सरांचा चेहरा कसा झाला, आपण काय बोललो. आता यादी हलणार, आठवड्याला दोन तरी. दर्शना ताट वाढत होती, तिचा हात थांबला.

"म्हणजे ते पुढच्या आठवड्यात करणार होते? आणि तुम्ही नको म्हणालात?"

"अगं, चाळीस लोकं पुढे..."

"चाळीस लोकं माझी आई आहेत का?" दर्शना किंचाळली. शेजारच्या खोलीतला टीव्ही बंद झाला. "उद्या जा आणि पाय धरा त्यांचे!"

"पाय कसले धरायचे? न्याय मागितला मी."

शेवंती उशांना टेकून ऐकत होती. बोलायला तिला आधी श्वास जमवावा लागे. तो जमवून ती म्हणाली, "तुमी माका एकदा तरी इचारल्यात?"

खरंच, तिला विचारायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. तो जेवायला बसला. जेवण तिखट झालंय असं काहीतरी बोलला.

आणि यादी हलली. पहिल्याच आठवड्यात एकोणचाळीस, मग सदतीस. अडीच-तीन वर्षं थांबलेल्या माणसांना फोन गेले. काहींचे फोन त्यांच्या घरच्यांनी उचलले आणि माणूस आता नाही असं सांगितलं, तरी बाकीचे आले. दौलत दर शनिवारी स्क्रीनसमोर उभा राहून आकडा बघायचा आणि रांगेतल्या अनोळखी माणसांना समजावून सांगायचा की हे एजिंग आहे, हे असं चालतं. घरी येऊन तो आकडा मोठ्याने सांगायचा. शेवंती मान हलवायची. दर्शना त्याच्याशी बोलेनाशी झाली होती.

हॉस्पिटलच्या विश्वस्तांनी सरांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, सगळं. दौलतला सरांनी आवर्जून बोलावलं, तो मागच्या खुर्चीवर बसला. सर उभे राहून म्हणाले, "चौथी रांग आता उपाशी राहणार नाही. आणि मी आणखी एक गोष्ट केली आहे. या यादीला आता कोणाचाही हात लागू शकत नाही. माझासुद्धा." टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी पुढे "आमच्या एका कर्मचाऱ्याच्या सूचनेचाही" उल्लेख केला. दौलतनेही टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी, जोरात.

बाविसाव्या नंबरवर असताना शेवंतीच्या फुप्फुसात पाणी भरलं. ओठ निळे पडले. खुर्चीत बसवून चाळीतल्या चौघांनी तिला खाली उतरवलं. हॉस्पिटलात डॉक्टरच्या शेऱ्यावरून तिचं नाव लगेच पहिल्या रांगेत गेलं. इंजेक्शनं दिली, पाणी काढलं, आणि ऑपरेशन थिएटर रिकामं होईपर्यंत तिचा श्वास ताळ्यावर आला. तपासून गेलेल्या डॉक्टरने कागदावर 'स्थिर' असं लिहिलं. स्थिर म्हणजे पहिली रांग नाही. नाव परत चौथीत, नंबर बावीस. मरायला टेकली होती तोवर ती पहिली होती, जरा वाचली तर तिला परत मागे ढकललं. तिसऱ्या दिवशी तिला घरी पाठवलं.

आता दौलतचं सगळं शिक्षण गळून पडलं. तो हॉस्पिटलातून तसाच कॉलेजात गेला, सरांच्या केबिनचं दार न वाजवता आत शिरला आणि टेबलाशी उकिडवा बसला. "सर, टाका तिला दुसऱ्या रांगेत. मी काय पण बोललो तेव्हा. टाका सर."

सर खुर्चीतून उठले. "दौलत, ऊठ. ऊठ आधी."

"एकच आकडा बदलायचा आहे. तुम्हीच म्हणाला होतात."

"ती सोय मी काढून टाकली," सर म्हणाले. "परळचं यंत्र आणि अँटॉप हिलचं यंत्र एकमेकांची यादी ताडून बघतात. एकीकडे हाताने बदललं तर दुसरं ते मानतच नाही, पुन्हा होतं तसं करतं. दोन्हीकडे एकदम बदलायचं तर विश्वस्तांच्या सह्या लागतात. आणि मी त्यांना काय सांगू? आपल्याच माणसासाठी? ज्याने मला हे करायला लावलं, त्याच्यासाठी?"

"सर, माझं चुकलं."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांचे डोळेही भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं. "नाही दौलत. तुझं बरोबर होतं. मी इतकी वर्षं शिकवलं, पण तू मला शिकवलंस."

मारलं असतं तरी चाललं असतं. दौलतला त्या हाताची किळस आली. तो उठला, कपडे झटकले आणि प्रयोगशाळेत जाऊन प्रात्यक्षिकाच्या मशीन चालू करायला लागला, कारण तीन वाजता मुलं यायची होती.

बावीसचे वीस झाले, अठरा झाले. दर्शना शिफारसपत्रासाठी दोन ऑफिसांत जाऊन आली. एकीकडे साहेब गावी, दुसरीकडे पुढच्या सोमवारी या. चौदा. अकरा. शेवंती आता आकडा विचारायची नाही, दौलतही सांगायचा नाही. मार्चच्या सुरुवातीला नऊ झाला. त्याच आठवड्यात, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, दर्शना दुकानात आणि दौलत तोंडी परीक्षेच्या दाराशी स्टुलावर असताना शेवंती तीन उशांना टेकलेली गेली. शेजारीण वाटीभर पेज घेऊन आली तेव्हा तिला वाटलं, डोळा लागला आहे. वाटी झाकून ती परत गेली. तासाभराने पुन्हा आली तेव्हा तिला कळलं.

दर्शना रडली, पण बापाच्या गळ्यात पडून नाही. अकराव्या दिवशी माणसं घरात बसली असताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या आईला यांनी मारलं." कोणीतरी तिला गप्प केलं. दौलतने मान वर केली नाही. ती खरं बोलत होती आणि त्याला ते सर्वांत आधी कळलं होतं.

बाराव्या दिवशी तो शेवंतीचं नाव काढायला हॉस्पिटलात गेला. संघमित्राने कागद बघितला आणि तिचा आवाज उतरला. "अहो, कशाला आलात? नंबर आला की फोन केला असता आम्ही. तीन दिवस उत्तर आलं नाही की सिस्टिम आपोआप पुढे जाते."

"मागच्या लोकांनी तीन दिवस का थांबायचं?" दौलत म्हणाला.

अजून तेच. बायको जाऊन बारा दिवस झाले होते, आणि हा मागच्यांची काळजी करत खिडकीशी उभा होता. दुसरं काही करायला त्याला येतच नव्हतं. संघमित्राने नाव काढलं, मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स ठेवून घेतली आणि सही करायला सांगितली. त्याने सही केली.

मागच्या बाकावर एक बाई नवऱ्याला घेऊन बसली होती. नवरा शेवंतीसारखाच, पुढे वाकून, एकेक श्वास ओढत. बाई स्क्रीनवरून नजर हलवत नव्हती. एकदम तिने त्याचा दंड धरला. "अहो, हलला! बघा ना, हलला!" तिचा चेहरा फुलून गेला होता, आणि तो आनंद कोणालातरी दिल्याशिवाय तिला राहवत नव्हतं. जवळ उभा होता तो दौलत. "दोन आठवडे तिथेच होता हो. आज हलला. तुमचा कितवा?"

"नऊ," दौलत म्हणाला.

"नऊ?" बाई हसली, मायेने, जसं चुकलेल्या म्हाताऱ्याला हसावं तसं. तिने हातातली चिठ्ठी त्याच्यापुढे धरली आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं. "नऊ आता आमचा आहे, दादा. तुमचा नीट बघा."

दौलतने स्क्रीनकडे बघितलं, अगदी वरपासून खालपर्यंत, नीट.